दिसलं तर दाबा

ओदालिस: झालं, मास्तर. यंत्रावरून हनुवटी काढा आता. बटण द्या माझ्याकडे.

लेओ: इतक्यात? मी तर आत्ता कुठं रंगात आलो होतो. किती मार्क पडले?

ओदालिस: सांगते. डाव्या डोळ्यावरची पट्टी राहू दे. आधी मला सांगा, दिवा दिसला तेव्हाच दाबलंत ना?

लेओ: पोरी, एकतीस वर्षं मी त्या मंचावर बसून वाचतोय. खाली दीडशे माणसं चिरूट वळतायत आणि वर बसून मी त्यांना पेपर वाचून दाखवतोय, कादंबऱ्या वाचून दाखवतोय. तू तर आईच्या फळीखाली बसून ऐकायचीस. छापलंय त्याच्याबाहेरचा एक शब्द तरी कधी ऐकलास माझ्या तोंडून?

ओदालिस: तेव्हा नाही ऐकला.

लेओ: तेव्हा म्हणजे?

ओदालिस: नेरेइदाकाकू, जरा आत येता का? आणि दार लोटून घ्या, उजेड नको.

नेरेइदा: आले, आले. काय मोडलं ह्यानं?

ओदालिस: मोडलं काही नाही. उलट फारच चांगलं केलंय. हा कागद बघा. ह्या यंत्रानं मास्तरांच्या डोळ्याच्या पडद्यावर अडुसष्ट ठिकाणी दिवा लावून बघितला. टाचणीच्या टोकाएवढा दिवा, एका वेळी एकाच ठिकाणी. दिसला तर बटण दाबायचं, नाही दिसला तर गप्प बसायचं. हिरवं आहे तिथे दिसतं. पिवळं आहे तिथे थोडंफार. काळं म्हणजे काहीच नाही.

नेरेइदा: पण हे तर सगळं हिरवंगार आहे.

लेओ: बघ! मी काय सांगत होतो?

नेरेइदा: मग काल कॉफीत मीठ कुणी घातलं रे?

लेओ: डबे तू हलवलेस.

नेरेइदा: डबे आपल्या लग्नापासून तिथंच आहेत, मेल्या.

ओदालिस: काकू, ही जागा बघा. इथून डोळ्याची शीर मागे मेंदूकडे जाते. इथे कुणालाच दिसत नाही. तुम्हाला नाही, मला नाही, ह्या जगात कुणालाच नाही. यंत्र मुद्दाम अधूनमधून तिथे दिवा लावतं. माणूस खरं सांगतोय का थापा मारतोय, ते कळायला. सहा वेळा लावला.

नेरेइदा: आणि?

ओदालिस: सहाही वेळा दाबलं.

नेरेइदा: वा रे माझ्या संता! जगात कुणालाच दिसत नाही ते ह्याला दिसलं.

लेओ: यंत्र बिघडलं असेल. दमट हवा आहे.

ओदालिस: सकाळी माझाच डोळा तपासला मी ह्याच्यावर. तुम्ही ठेका धरलात, मास्तर. दिवा, थांबा, दिवा, थांबा. मी इकडे यंत्राच्या पडद्यावर बघत होते ना. दिवा लागायच्या आधीच तुमचं बटण दाबलं जात होतं.

लेओ: दीड श्वासाला एक दिवा. तुझं यंत्र स्वल्पविराम बरोबर देतं, एवढं मात्र म्हणेन. वाचणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं.

नेरेइदा: देवा! कबूल तरी किती ऐटीत करतोय बघ.

लेओ: कबूल काय, आता तिच्यापुढे लपवून काय करू? ओदालिस, नीट ऐक. सोमवारी साडेसातला कारखान्याला कागद द्यायचा आहे. 'लेओविहिल्दो बाल्मासेदा ह्यांना वाचता येतं,' एवढी एक ओळ. नकाशा हिरवा आहे. मी रंगवलेला नाही, तुझ्या यंत्रानं रंगवलाय. तू फक्त खाली सही कर.

ओदालिस: नाही करणार.

लेओ: तुला पहिलं अक्षर कुणी शिकवलं?

ओदालिस: तुम्ही. चिरुटाच्या पट्टीवरचं. तोंडात पेरूची वडी होती आणि तुम्ही म्हणालात, वाचल्याशिवाय गिळायची नाही.

लेओ: मग?

ओदालिस: मग तेच. वाचल्याशिवाय गिळणार नाही मी.

नेरेइदा: घे! तुझंच बियाणं, तुझंच पीक.

लेओ: तू कुणाच्या बाजूची आहेस, नेरेइदा?

नेरेइदा: मी कॉफीच्या बाजूची. थर्मासात आहे अजून. पोरी, तुझं यंत्र एकाएकी गप्प का झालं?

(वीज गेली आहे. यंत्राची घरघर थांबते. आता खोलीत मिट्ट काळोख आणि तीन माणसांचे आवाज.)

ओदालिस: गेली. आज ह्या भागाची पाळी एकला होती, पाऊण तास आधीच नेली. बसा, हलू नका कुणी. इथे वायरी आहेत. काकू, हात द्या, खुर्ची तुमच्या मागेच आहे.

नेरेइदा: आता कॉफी कशी ओतू? सांडेल ना.

लेओ: आण इकडे थर्मास. अंधारात मीच बरा. पेले टेबलावर ठेव, आवाज करून. हं. एक. दोन. तिसरा?

ओदालिस: हा. कसं कळतं हो तुम्हाला, भरला ते?

लेओ: ऐक. पेला भरत आला की आवाज चढत जातो. ऐकलंस? हा झाला. घे. माझी आई अशीच ओतायची. आईचे डोळे चाळिशीतच गेले, असेच, मधून. कडेचं दिसायचं, समोरचं माणूस दिसायचं नाही. तिच्या आधी आजोबांचे गेले, मग कास्तोमामाचे.

ओदालिस: फाइलमध्ये आहे सगळं. तुमच्या घरात पाच जण.

लेओ: आई मात्र मरेपर्यंत चिरूट वळत होती. रोज शंभर. कारखान्यातल्या डोळस बायांपेक्षा सरळ. पान बोटांनी वाचायची. वळायला डोळे लागत नाहीत, ओदालिस. आमच्या अख्ख्या खानदानात एकट्या मलाच काय ती वाचायची हौस आली. नको त्या माणसाला नको ती हौस.

नेरेइदा: तसं म्हणू नकोस.

लेओ: का म्हणू नको? अंधार आहे, कोण बघतंय?

ओदालिस: मास्तर, किती दिवस झाले?

लेओ: कशाला?

ओदालिस: अक्षर दिसेनासं होऊन.

लेओ: दोन वर्षं होतील.

नेरेइदा: अडीच.

ओदालिस: अडीच वर्षं! आणि वाचत काय होतात?

नेरेइदा: मी सांगते. नाहीतर हा नाटक करील. पहाटे चारला मी उठते. स्वयंपाकघरात पेपर वाचते, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. हा डोळे मिटून ऐकतो. एकदा ऐकतो, फक्त एकदा. साडेसातला मंचावर बसतो, पेपर तोंडासमोर धरतो आणि घडाघडा म्हणतो. पान उलटायचं तेव्हा उलटतो. खोकायचं तिथे खोकतो.

ओदालिस: आणि दुपारच्या कादंबऱ्या?

लेओ: त्या तर तोंडपाठ. एकतीस वर्षांत एकेक तीन-तीनदा वाचून झाल्यात. पुढं कुठलं पुस्तक वाचायचं, ह्यावर कारखान्यात मतदान होतं, तेव्हा मीच जुन्या पुस्तकांची भलामण करायचो. 'सहकाऱ्यांनो, त्या सरदाराच्या विधवेचं शेवटी काय होतं, आठवतंय का तुम्हाला?' की सगळ्या बाया हात वर करायच्या. पण ह्या खेपेला तरुण पोरींनी नवंच पुस्तक निवडलं. चारशे साठ पानं. नेरेइदा रोज संध्याकाळी वीस पानं वाचणार आणि मी पाठ करणार, असं ठरलं.

नेरेइदा: चौथ्या दिवशी माझा घसा बसला. ताप आला.

ओदालिस: मग ती बेसबॉलची मॅच.

लेओ: तुझ्या आईनं सांगितलं वाटतं.

ओदालिस: मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

लेओ: त्या रात्री सगळ्या जिल्ह्यात वीज नव्हती. रेडिओ बंद. मॅच कुणीच ऐकली नव्हती. सकाळी दीडशे माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत, आपला पिनारचा संघ जिंकला का नाही. आणि पहाटे ही पेपर वाचता वाचता चौथ्या पानावर...

नेरेइदा: झोपले मी. एकशे दोन ताप होता. डोकं टेबलावर टेकलं ते उजाडल्यावरच उचललं. उठवायचं ना मला!

लेओ: तुझा श्वास घरघरत होता. कसं उठवू? मी तुझ्या अंगावर शाल टाकली आणि निघालो. म्हटलं, खेळाचं पान गाळू. पण मंचावर चढलो, तर मागच्या ओळीतून कुणीतरी ओरडलं, 'मास्तर, आधी मॅच!' तंबाखूची पानं कापणारी सगळ्यांची पाती थांबली. कारखान्यात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग मी जिंकवून टाकलं.

ओदालिस: किती-किती?

लेओ: तीन-एक. नवव्या डावात होमरन मारला. चेंडू घड्याळाच्या मनोऱ्यावरून गेला, असंही म्हणालो.

ओदालिस: मास्तर!

लेओ: काय सुंदर मॅच झाली होती, तुला सांगतो. दीडशे पाती फळ्यांवर वाजली. टक टक टक टक, पत्र्यावर पाऊस पडावा तशी. बाया उठून नाचल्या. पानं उचलणारा म्हातारा प्लासिदो रडला म्हणे.

नेरेइदा: आणि दुपारी ट्रकवाला आला.

लेओ: हो, ट्रकवाला आला, पिनार हरल्याची बातमी घेऊन. दुपारी मी कादंबरी घेऊन चढलो. पुस्तक उघडायच्या आत एक पातं जमिनीवर पडलं.

ओदालिस: माहीत आहे.

लेओ: तुला माहीत आहे, पण तू ऐकलेलं नाहीस. वाचन आवडलं तर फळीवर पातं वाजवायचं, नाही आवडलं तर जमिनीवर टाकायचं. माझ्या आधीच्या वाचकावर एकदा टाकलेली मी पाहिली होती, तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही. माझ्यावर एकतीस वर्षांत एकही पडलं नव्हतं. पहिलं तिसऱ्या ओळीतून पडलं, खिडकीजवळून. तुझ्या आईचं.

ओदालिस: कशावरून?

लेओ: मिग्दालियाच्या पात्याचं टोक मोडलेलं आहे. पडताना दोनदा वाजतं. मग दुसरं पडलं. मग सगळीच पडली. मी खाली उतरलो, टोपी घेतली आणि घरी आलो. तिसऱ्या दिवशी व्यवस्थापकानं निरोप धाडला: डोळ्यांचा कागद आणा, नाहीतर सोमवारी नवीन वाचकासाठी मतदान.

नेरेइदा: तेव्हापासून जेवत नाही. भात चिवडतो. रात्री अंथरुणात पुटपुटतो. मला वाटायचं, प्रार्थना करतोय. नंतर कळलं, जुन्या कादंबऱ्या म्हणतोय.

ओदालिस: मास्तर, आईनं पातं का टाकलं, विचारलंत तिला?

लेओ: विचारायला तोंड कुठंय?

ओदालिस: मी विचारलं. ती म्हणाली, 'त्याला दिसत नाही हे मला केव्हाच कळलंय.'

लेओ: काय?

ओदालिस: 'एकदा पेपर उलटा धरून बसला होता. छायाचित्रातला मंत्री डोक्यावर उभा होता. मी कुणाला बोलले नाही,' म्हणाली. 'दिसत नाही म्हणून मी पातं टाकलं नाही. आम्हाला वेड्यात काढलं म्हणून टाकलं. आम्ही हातानं काम करतो आणि कान त्याच्या स्वाधीन करतो. बाकी जगात काय चाललंय, ते आम्हाला त्याच्याच तोंडून कळतं. त्यानं अर्धंच पान वाचावं, पण छापलेलं वाचावं.'

नेरेइदा: मिग्दालिया कधी एवढं बोलत नाही.

ओदालिस: हे बोलायला तिला दोन दिवस लागले. मास्तर, काय करताय?

लेओ: कॉफी पितोय.

नेरेइदा: पेला केव्हाचा रिकामा आहे तुझा.

लेओ: असू दे ना. हातात काहीतरी लागतं.

ओदालिस: आईचं म्हणणं तेच माझंही आहे, मास्तर. मगाशी तुम्ही मला जिंकलेली मॅच सांगितलीत. सगळं हिरवं. ती घेऊन मी काय करू? तुमच्या डोळ्यात कुठे दिसतं हे मला शोधायचंय. कुठे दिसत नाही, ते मला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही. तुम्ही दाबलं नाही, तेही मला सांगणंच आहे.

लेओ: आणि सगळंच काळं निघालं तर?

ओदालिस: तर सोमवारी मी तुमच्याबरोबर कारखान्यात येईन आणि तुमच्या शेजारी उभी राहीन. पण सगळं काळं नसणार. मगाशी आत येताना तुम्ही फरशी पुसायची बादली चुकवलीत.

नेरेइदा: ते खरं. रस्त्यात खड्डे चुकवतो, पण समोर आलेल्या माणसाला नमस्कार करत नाही. लोक म्हणतात, शिष्ट झालाय.

लेओ: आली. ऐकलंत? पंखा.

ओदालिस: आली! थांबा, सगळं पुन्हा सुरू करायला पाच मिनिटं लागतील. काकू, स्टूल घेऊन ह्यांच्या डाव्या बाजूला बसा. ह्यांचा डावा हात धरा.

नेरेइदा: कशाला? लहान आहे का तो?

ओदालिस: मगाशी डाव्या हाताच्या बोटांनी ते मांडीवर ठेका धरत होते. तो हात तुम्ही धरून ठेवा. दिवेही आता मी मध्येच लांबवणार, मध्येच घाईनं लावणार. मास्तर, हनुवटी इथे. कपाळ पट्ट्याला टेकवा. मधल्या लाल फुलीकडे बघा.

लेओ: फुली दिसत नाही.

ओदालिस: मगाशी तर दिसत होती.

लेओ: मगाशीही नव्हती.

ओदालिस: शाब्बास. हे पहिलं खरं उत्तर. आता मी मोठी चौकट लावते, तिचे चारही कोपरे दिसतात का बघा. दिसतात? त्यांच्या मधोमध डोळा ठेवायचा. दिसलं तर दाबा. नाही दिसलं तर काही करू नका. थकलात तर सांगा, थांबू. चला.

लेओ: दिसला.

ओदालिस: बोलायचं नाही. नुसतं दाबायचं.

नेरेइदा: ओदालिस, बटण ह्याच्या उजव्या हातात आहे ना?

ओदालिस: हो. का?

नेरेइदा: दरवेळी माझाही हात दाबला जातोय.

ओदालिस: दाबू दे. माझं चाललंय ते बरोबर चाललंय.

नेरेइदा: आत्ता दाबला. पुन्हा. हा बारीक होता. आता जोरात.

ओदालिस: बारीक म्हणजे दिवा मंद होता. काकू, तुम्ही तर माझ्या यंत्राच्याही पुढे गेलात.

नेरेइदा: आता नाही दाबत.

ओदालिस: हं.

नेरेइदा: अजून नाही.

ओदालिस: बोलू नका, काकू.

नेरेइदा: बराच वेळ झाला गं. झोपला तर नाही? हात नुसता पडलाय माझ्या हातात. लेओ?

ओदालिस: झोपले नाहीत. आम्ही मधल्या भागात आहोत.

नेरेइदा: किती मोठा आहे हा मधला भाग?

ओदालिस: थोडं थांबा. खूप छान, मास्तर. हलू नका. असंच. दाबलं नाहीत, फार चांगलं केलंत.

नेरेइदा: किती मोठा आहे?

ओदालिस: संपत आला.

नेरेइदा: दाबला! ओदालिस, दाबला ह्यानं! पुन्हा दाबला!

ओदालिस: हो. हो. इथे आहे. मला वाटलंच होतं. आणखी चार दिवे, मास्तर. तीन. एक. झालं. काढा हनुवटी.

लेओ: फसव्या जागी?

ओदालिस: सहा वेळा लावला. एकदाही नाही दाबलंत.

लेओ: मग आता कागद हिरवा नसेल.

ओदालिस: नाही. तळहात द्या तुमचा. बोटांनी सांगते. हा मधला खळगा आहे ना, तो सगळा काळा. इथून इथपर्यंत. खोटं नाही सांगणार, मोठा आहे. माणूस ज्याच्याकडे रोखून बघतो ना, ते नेमकं ह्या खळग्यात पडतं. म्हणून अक्षराकडे बघितलं की अक्षर नाहीसं होतं.

लेओ: आणि माणसाकडे बघितलं की माणूस.

ओदालिस: हो. आता इथे. बोटांच्या मुळाशी, मधल्या बोटाच्या खाली. हा पट्टा हिरवा आहे. अगदी हिरवा नाही, पोपटी म्हणा. पण भक्कम आहे, मंद दिवेसुद्धा पकडतो. डोळ्याच्या आत सगळं उलटं पडतं, तेव्हा तुम्ही थोडं वर बघितलंत की खालची वस्तू ह्या पट्ट्यावर येऊन पडेल.

नेरेइदा: सरळ सांग ना पोरी, करायचं काय?

ओदालिस: ओळीकडे बघायचं नाही. ओळीच्या वर बघायचं, दोन बोटं. ओळ खाली आपोआप दिसेल. हे घ्या. मी जाड पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलंय. काकू, तुम्ही बघू नका. तुमच्या तोंडावरून त्यांना कळेल.

लेओ: काही दिसत नाही. धूर आहे.

ओदालिस: कागदाकडे बघताय. सवय आहे ती. कागदाच्या वर बघा, माझ्या अंगठ्याकडे. अंगठा सोडायचा नाही.

लेओ: अंगठा गेला.

ओदालिस: जाऊ दे त्याला. खाली काय आलं?

लेओ: काळं काहीतरी. थांब. प. पि. 'पिनार'. हॅ! पिनार!

ओदालिस: पुढे.

लेओ: अंगठा कुठाय? हं. ह... 'हरलं'. पिनार हरलं. अगं, हे तर मला माहीतच होतं. माणसाला ओशाळं करायचं म्हणून लिहिलंस का?

ओदालिस: खालच्या ओळीत आकडे आहेत. खरा गुणफलक. तो तुम्हाला कुणी सांगितला?

लेओ: कुणी नाही. मी कानच बंद केले होते. पहिला... सात. सात आहे. नेरेइदा, सात आहे का?

नेरेइदा: मी बघत नाहीये. मला मनाई आहे.

लेओ: सात. मग आडवी रेघ. मग... दोन. सात-दोन? सात-दोननं हरले हे गाढव?

ओदालिस: सात-दोन.

लेओ: आणि मी ह्यांना तीन-एकनं जिंकवत होतो! नालायक लेकाचे!

नेरेइदा: लेओ, तू वाचलंस.

लेओ: अगं, सात-दोन म्हणजे काही खेळणं झालं का?

नेरेइदा: लेओ. तू वाचलंस.

लेओ: हो.

ओदालिस: आता माझा कागद ऐका, मास्तर. मी लिहिणार आहे: मधली नजर नाही. वरच्या पट्ट्यानं मोठं अक्षर वाचता येतं, सावकाश. आज चार शब्दांना तीन मिनिटं लागली. रोज सराव केलात तर तीन-चार महिन्यांत बहुधा वीस मिनिटं सलग जमेल, त्यानंतर डोळा थकणार. एवढंच खरं आहे आणि एवढ्याचखाली मी सही करणार.

लेओ: चार शब्दांना तीन मिनिटं. माझं वाचन दिवसाचं चार तासांचं असतं.

ओदालिस: माहीत आहे.

लेओ: त्या दुसरा वाचक निवडतील.

ओदालिस: निवडतीलही. किंवा दोघं ठेवतील. ते मला सांगता येणार नाही. तिकडे कुणी काय दाबायचं, ते माझ्या हातात नाही.

लेओ: नेरेइदा, सोमवारी माझा पांढरा शर्ट काढ.

नेरेइदा: कशाला? कागद प्लासिदोच्या हातून पाठवून देऊ. तू नको जाऊस. पुन्हा पाती पडली तर?

लेओ: पडू देत. मंचावर पेपर घेऊन चढणार नाही. हा कागद घेऊन चढेन. म्हणेन, 'सहकाऱ्यांनो, अडीच वर्षं मी तुम्हाला बायकोचं वाचलेलं ऐकवलं. तिला पगार नव्हता, पहाटेची झोप नव्हती, तिच्यासाठी कुणी पातं वाजवलं नाही. ते आधी वाजवा. मग माझं काय करायचं ते करा.' आणि मग ह्या दोन ओळी वाचून दाखवीन. तीन मिनिटं लागली तर लागू देत. पिनार हरलं. सात-दोन.

ओदालिस: आईला सांगू, तयार राहा म्हणून?

लेओ: अजिबात नाही. तिला जे वाटेल ते वाटू दे.

नेरेइदा: शिष्ट मेला. मला मध्ये कशाला आणतोस?

लेओ: तू मध्येच आहेस. तिथेच तर पंचाईत झाली. ओदालिस, हे वर बघायचं माणसांनाही चालतं का?

ओदालिस: चालतं. कपाळाच्याही वर बघायचं. काकूंच्या मागे भिंतीवर घड्याळ आहे, त्याच्याकडे बघा.

नेरेइदा: अगो बाई, मला नको. मी घामेजलेय नुसती. लिपस्टिकही नाही.

लेओ: हलू नकोस. घड्याळ गेलं. बरं झालं. थांब.

नेरेइदा: कुठं बघतोयस तू? माझ्या डोक्यावरून बघतोय हा. माझ्यामागे कुणी उभं असल्यासारखा.

ओदालिस: बघू द्या, काकू.

लेओ: केस कापलेस?

नेरेइदा: मार्चमध्ये.

लेओ: आता नोव्हेंबर आहे. सांगितलं नाहीस?

नेरेइदा: तुला दिसतंय का, ते बघत होते.

लेओ: आणि दिसलं नाही.

नेरेइदा: नाही दिसलं. मग मी त्याबद्दल बोललेच नाही.

लेओ: छान दिसतात. कानामागे पांढरे झालेत. अरे, रडतेस का?

नेरेइदा: कोण रडतंय? घाम आहे तो. आणि हात का एवढा दाबतोयस? तपासणी संपली ना?

लेओ: दिसलीस, म्हणून.